पायलटला इंधनाचा संशय आला आणि पुण्याऐवजी इंदूरला उतरलो. बरोबर केलं का त्याने?

खिडकीपाशी | रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

गेल्या आठवड्यात दिल्लीहून पुण्याला येत होते. संध्याकाळचं विमान, एअरबस ए-३२०. उडून पाऊण तास झाला असेल. बाहेर काळोख, आत बहुतेक जण पेंगलेले. तेवढ्यात कॅप्टनची अनाउन्समेंट: इंधनाच्या आकड्यांत थोडी तफावत दिसतेय, खबरदारी म्हणून आपण इंदूरला उतरतोय. बस, एवढंच. चहात साखर कमी पडलीय हे सांगावं त्या आवाजात. शेजारच्या काकांनी खाडकन डोळे उघडले आणि मलाच विचारलं, "तफावत म्हणजे? भरलं नव्हतं की काय?" जणू मीच पंपावर उभी होते.

इंदूरला उतरलो. खाली कुणाला सोडलं नाही. मी खिडकीत, त्यामुळे सगळं दिसत होतं. एक इंजिनिअर टॉर्च घेऊन पंखाखाली गेला. पंखाच्या पोटातून त्याने एक बारीक दांडी खाली ओढली, मान तिरकी करून तिच्यावरचं काहीतरी वाचलं, वहीत लिहिलं. मग दोन पावलं सरकून दुसरी दांडी. एवढं अवाढव्य विमान आणि शेवटी काठी बुडवून मोजणी!

पावणेतीन तासांनी निघालो. सांगितलं असं की गळती वगैरे काही नव्हती, टाकीतलं मोजमापच चुकीचं दाखवत होतं. झालं, विमानात एकच गलका. काका म्हणाले, "म्हणजे काहीच झालं नव्हतं! उगाच तीन तास घालवले." अर्धं विमान त्यांच्या बाजूने.

मला काही ठरवता येईना. आकडा खोटा आहे की खरा, हे वर आकाशात कसं ओळखतात? आणि ओळखता येत नसेल तर काय करतात? जाणकारांनी लिहावं.

चहाबाज | रात्री १०:३२

इंदूरला उतरलात आणि पोहे न खाता निघालात? धिक्कार.

घड्याळजी | रात्री १०:४०

मी काकांच्या बाजूने. माझ्या सख्ख्या पुतणीचा साखरपुडा असाच एका 'खबरदारी'पायी हुकला होता. हल्ली काहीही झालं की उतरवा खाली. पुढे पुणं चाळीस-पन्नास मिनिटांवर होतं ना? इंजिनं चालू होती ना? मग आकड्याचं काय घेऊन बसलात. माझ्या गाडीचा काटा गेली दोन वर्षं अर्ध्यावर अडकलाय, मी काय वाटेत थांबतो?

झुळूक | रात्री १०:४४

घड्याळजी, तुमची गाडी बंद पडली तर तुम्ही कडेला घेता. तिथे कडा कुठाय? :)

रांगडा_गडी | रात्री १०:५१

माझा एक भाबडा प्रश्न. जुन्या चेतकला रिझर्व्हचा कॉक असायचा बघा. पेट्रोल संपलं की गुडघ्याजवळ हात घालून फिरवायचा, त्यात पण नाही भागलं तर स्कूटर डावीकडं आडवी करायची आणि मग किक. तसलं काय विमानाला असतंय का? आडवं करायचं म्हणत नाही मी, नुसता कॉक.

उजव्या_सीटवरून | रात्री ११:२०

को-पायलट आहे, ए-३२० वरच. त्या विमानात मी नव्हते, त्यामुळे नेमकं काय झालं ते सांगू शकत नाही. पण अशा वेळी डोक्यात काय चालतं ते सांगते.

आमच्याकडे इंधनाचे दोन स्वतंत्र हिशोब असतात. एक, टाक्यांमध्ये किती उरलंय. हे पंखांच्या आतले प्रोब, म्हणजे सेन्सर, मोजतात. दुसरा, इंजिनांनी किती जाळलं. हे प्रत्येक इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवरचा फ्लोमीटर मोजतो. या दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि हीच त्यातली गंमत. उरलेलं अधिक जळालेलं, बेरीज निघतानाच्या आकड्याएवढी आली पाहिजे. दर अर्ध्या तासाने किंवा ठरावीक टप्प्यावर आम्ही ही बेरीज कागदावर करतो. होय, अजूनही पेनने.

समजा निघताना ९,००० किलो होतं. ३,००० जळालं. टाकीत ६,००० दिसायला हवं, दिसतंय ५,४००. मग ६०० किलो गेलं कुठे? शक्यता दोनच. एक तर टाकीचं मोजमाप चुकतंय, नाहीतर कुठूनतरी बाहेर सांडतंय. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखंच दिसतं. टाकीच्या आत डोकावायची सोय नाही.

म्हणून नियम असा: गळती नाही हे सिद्ध होईपर्यंत गळती आहे असंच धरायचं. खिडकीतून पंखामागे फवारा दिसतो का ते केबिन क्रूला बघायला सांगायचं. रात्री टॉर्च मारूनसुद्धा फारसं काही दिसत नाही. दोन टाक्यांना जोडणारा क्रॉसफीड व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा. आणि जवळचा योग्य विमानतळ गाठायचा. ए-३२० तासाला साधारण अडीच टन जाळतं. त्यावर सांडायचा वेग किती हेच माहीत नसेल, तर "पुणं पन्नास मिनिटांवर आहे" या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

खिडकीपाशी ताई, ती काठी बुडवत नाहीत. टाकीत एक तरंगतं चुंबक असतं, खालून दांडी ओढली की ती त्या पातळीला येऊन अडकते आणि दांडीवरचा आकडा वाचतात. विजेचा, संगणकाचा काहीही संबंध नाही. म्हणूनच वाद मिटवायला तीच.

रांगडा_गडी, रिझर्व्ह आहे पण कॉक नाही. सविस्तर नंतर लिहिते, पहाटेची ड्युटी आहे.

रांगडा_गडी | रात्री ११:२६

पेनने बेरीज! आमचे मास्तर ऐकले असते तर डोळ्यात पाणी आलं असतं.

सरिता_मावशी | सोमवार, सकाळी ७:०५

हे तर दुधाच्या कार्डासारखं झालं. गवळी म्हणतो तीस लिटर घातलं, माझ्या कॅलेंडरवर सत्तावीसच खुणा. मधले तीन लिटर कुणी प्यायले? तेव्हा भांडण आधी, हिशोब नंतर. तुमच्याकडे उलट आहे म्हणायचं.

स्वरा_टोरांटो | सोमवार, सकाळी ८:१०

उजव्या_सीटवरून यांनी क्रॉसफीडचा उल्लेख केलाय, त्यावरून आमच्या इथली गोष्ट सांगायलाच हवी.

२४ ऑगस्ट २००१. एअर ट्रान्सॅट २३६, टोरांटोहून लिस्बनला. एअरबस ए-३३०, आत ३०६ माणसं. निघताना ४६.९ टन इंधन, म्हणजे नियमापेक्षा साडेचार टन जास्तच. कॅप्टन रॉबर्ट पिशे, को-पायलट डर्क डी यागर. मध्यरात्री अटलांटिकवर असताना आधी उजव्या इंजिनाच्या तेलाचं तापमान कमी आणि दाब जास्त असं विचित्र काहीतरी दिसायला लागलं. त्याचा इंधनाशी संबंध असेल असं कुणाच्या मनात येणार? जमिनीवरच्या मेंटेनन्सवाल्यांनाही लगेच उलगडा झाला नाही. मग ५:३६ वाजता (ग्रीनिचची वेळ) इशारा आला की दोन पंखांतलं इंधन असमान झालंय.

इथे त्यांनी जे केलं ते तुम्ही-आम्हीही केलं असतं. एकीकडे कमी, दुसरीकडे जास्त, तर जास्तीचं कमीकडे घाला. चेकलिस्ट न उघडता आठवणीतून क्रॉसफीड उघडला. गळती उजव्या इंजिनाच्या नळीला होती. म्हणजे चांगल्या बादलीतलं पाणी गळक्या बादलीत ओतणं चाललं होतं. आकडे इतक्या झपाट्याने उतरत होते की त्यांना वाटलं, संगणकच चुकतोय.

६:१३ ला उजवं इंजिन बंद पडलं, ६:२६ ला डावं. खाली समुद्र, अझोर्स बेटांवरचा लाझेस तळ अजून ६५ सागरी मैल. तिथून १९ मिनिटं ते विमान नुसतं तरंगत नेलं. पोचले तेव्हा उंची जास्त होती, ती घालवायला एक पूर्ण गिरकी घेतली, नागमोडी वळणं घेतली आणि जवळपास २०० नॉटच्या वेगाने आदळले. टायर फुटले. १८ जण जखमी, त्यातले दोघे गंभीर. मृत्यू एकही नाही.

कारण? ते इंजिन नुकतंच बदललं होतं. त्यावर हायड्रॉलिकचा एक जुन्या घडणीचा भाग बसवला गेला, शेजारच्या इंधननळीशी न जुळणारा. दोन नळ्या एकमेकींवर घासल्या आणि इंधनाची चिरली.

इथे टीव्हीवर बरेच दिवस तेच चाललं होतं. पिशे हिरोही ठरले आणि चौकशीत चूकही निघाली, दोन्ही. त्यानंतर एअरबसच्या मॅन्युअलमध्ये ठळक घालायला लावलं: क्रॉसफीड उघडण्याआधी, ही तफावत गळतीमुळे तर नाही ना हे तपासा.

घड्याळजी | सकाळी ८:४०

उदाहरण जबरदस्त आहे, मान्य. पण हजारातली एक गोष्ट सांगून प्रत्येक वेळी उतरवायचं समर्थन होत नाही. खिडकीपाशी यांच्या विमानात गळती नव्हतीच की.

बाउझर_नाना | सकाळी ९:३०

घड्याळजी, गळती नव्हती हे तुम्हाला दांडी ओढल्यावर कळलं. दांडी ओढायला विमान उभं राहावं लागतं. :)

मी मुंबईला विमानात इंधन भरायच्या कामावर २६ वर्षं काढली. आता घरी बागेला पाणी घालतो, तेही मोजून. आमच्या बाजूचंही थोडं ऐका.

पायलट मागतो किलोत, आमचं मीटर पळतं लिटरमध्ये. मधला पूल म्हणजे घनता. एटीएफची, म्हणजे विमानाच्या इंधनाची, घनता १५ अंशांना ०.७७५ ते ०.८४० च्या मध्ये असावी लागते. मे महिन्याच्या दुपारी तेल फुगतं, लिटर तेवढेच पण वजन कमी. म्हणून हायड्रोमीटर आणि थर्मामीटर सोडून आम्ही पाऊल टाकत नसू. काचेच्या बाटलीत नमुना घेऊन उजेडाकडे धरायचा. स्वच्छ, पाण्यासारखं दिसलं पाहिजे. मग सिरिंजला एक छोटी कॅप्सूल लावून त्यातून तेल ओढायचं. रंग बदलला की पाणी आहे, भरणं बंद. नवीन पोरं कंटाळायची. मी म्हणायचो, तू कंटाळलास तरी पाणी कंटाळत नाही.

लिटर-किलोचा घोळ किती महाग पडतो याचा दाखला कॅनडातच आहे. २३ जुलै १९८३, एअर कॅनडा १४३, कोरं करकरीत बोइंग ७६७. मोजायची यंत्रणा बंद होती म्हणून टाकीत दांडीने मोजलं: ७,६८२ लिटर. हवं होतं २२,३०० किलो. देश नुकताच मेट्रिककडे वळत होता, हे विमान त्यांच्या ताफ्यात किलोवर चालणारं पहिलंच. हिशोबात घनता घेतली १.७७. अहो, ते लिटरला पौंड! किलोत ०.८० घ्यायला हवी होती. आता तुम्हीच करून बघा. ७,६८२ गुणिले १.७७ म्हणजे सुमारे १३,६०० 'किलो' आधीच आहे असं वाटलं. म्हणून फक्त ४,९१६ लिटर घातलं. खरं घालायला हवं होतं वीस हजारांच्या वर. पुन्हा पुन्हा ताळा केला, पण १.७७ नेच केला. चुकीच्या पट्टीने शंभरदा मोजलं तरी लांबी चुकीचीच.

४१,००० फुटांवर इंधनाचा दाब कमी असल्याचा इशारा आला. त्यांना वाटलं पंप गेला. वाटणारच, टाकी भरलेली आहे असं संगणक सांगत होता, कारण तो आकडा त्यांनीच हाताने घातलेला. थोड्या वेळात दोन्ही इंजिनं गप्प. कॅप्टन पिअर्सन ग्लायडर उडवणारे होते, को-पायलट क्विंटल यांना गिमलीचा जुना हवाई तळ ठाऊक होता. तिथे नेऊन उतरवलं. धावपट्टीवर त्या दिवशी मोटारींच्या शर्यतीवाले जमले होते! ६९ पैकी कुणाला गंभीर इजा नाही. ते विमान दुरुस्त होऊन पुढे २००८ पर्यंत उडत होतं.

झुळूक | सकाळी ९:४४

नाना, "चुकीच्या पट्टीने शंभरदा" हे आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लावते. वाचनखूण साठवली.

वऱ्हाडी_ठेचा | सकाळी १०:०२

नाना, तुमी लिहत राहा बाप्पा. माहे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, नागपूर-अमरावती. काट्यावर त्यायचा कधी इस्वास नव्हता. निघायच्या आंधी टाकीत लाकडाची पट्टी घालून पायचे. पट्टीवर त्यायनं सोता ब्लेडनं खाचा केल्या होत्या, तिसऱ्या खाचेच्या खाली डिझल असलं का गाडी डेपोच्या भायेर नाई. एकदा डेपोतले साहेब म्हनले, "काटा तर अर्धा दाखवून राह्यला." बाबा म्हनले, "मंग काट्यालेच घेऊन जा अमरावतीले." ती पट्टी अजूनई घरी हाये, आई तिनं पडदे सरकवते.

मीठभाकर | सकाळी १०:१५

मेलो हसून. काट्यालेच घेऊन जा!!

टॉवरवरून | सकाळी ११:५०

निवृत्त एटीसी, म्हणजे टॉवरमधून रेडिओवर विमानांना सूचना देणारा. धागा चांगला चाललाय म्हणून लॉगिन केलं, पासवर्ड शोधायला अर्धा तास गेला.

आकडा ओळखणं हा निम्मा भाग. उरलेला निम्मा म्हणजे ते स्पष्ट शब्दांत सांगणं. आणि आपल्यासारख्या भिडस्त माणसांना तेच जड जातं.

२५ जानेवारी १९९०. एव्हिएन्का ५२, बोगोटाहून मेडेयीनमार्गे न्यूयॉर्क. खराब हवा, त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणी मिळून १ तास १७ मिनिटं घिरट्या घालायला लावल्या. को-पायलटने रेडिओवर प्राधान्य मागितलं, इंधन संपत आलंय असंही सांगितलं. पण 'इमर्जन्सी' हा शब्द शेवटपर्यंत उच्चारला नाही. कंट्रोलरच्या कानाला त्या संध्याकाळी प्रत्येकच विमान घाईत होतं. पहिला उतरण्याचा प्रयत्न फसला, दुसऱ्याआधी चारही इंजिनं बंद. लाँग आयलंडवर कोसळलं, १५८ पैकी ७३ गेले. आग लागली नाही, कारण जळायला काही उरलंच नव्हतं.

आता शब्द ठरवून टाकलेत. 'मिनिमम फ्युएल' म्हटलं की आम्ही समजायचो, आणखी उशीर यांना परवडणार नाही, पण ही अजून इमर्जन्सी नाही. 'मेडे फ्युएल' म्हटलं की राखीव अर्ध्या तासाच्या इंधनाला हात लागणार, बाकी सगळे बाजूला व्हा. मी ड्युटीवर असताना 'मिनिमम फ्युएल' बऱ्याचदा ऐकलं, 'मेडे फ्युएल' एकदाच. ते विमान जमिनीला टेकेपर्यंत हातातला चहा तसाच राहिला होता, वर साय धरली होती.

सरिता_मावशी | दुपारी १२:२०

पण विमानातसुद्धा दोघे असतात ना? एकाने नाही सांगितलं तर दुसऱ्याने सांगावं.

टॉवरवरून | दुपारी १२:४५

मावशी, इथेच तर मेख आहे. २८ डिसेंबर १९७८, युनायटेड १७३, डीसी-८, पोर्टलंड. चाकं नीट उतरली की नाही या शंकेपायी कॅप्टन जवळजवळ तासभर घिरट्या घालत राहिले. इंधन संपतंय हे फ्लाइट इंजिनिअर आणि को-पायलट दोघांनाही दिसत होतं. बोलले, पण साहेबांना बोलतात तसं. आडवळणाने. इंजिनं एकेक करून बंद झाली, १८९ पैकी १० जण गेले. कॉकपिटमध्ये खालच्याने वरच्याला स्पष्ट बोललंच पाहिजे, हे रीतसर शिकवायला सुरुवात झाली त्यामागे हा अपघात मोठं कारण होता.

चहाबाज | दुपारी १२:५२

आमच्या ऑफिसात ते शिकवलं तर निम्मा स्टाफ नोकरी गमावेल.

पंचक्रोशी | दुपारी १:३०

इंधनाचा विषय निघालाच आहे तर अहमदाबादच्या अपघाताबद्दलही बोलायला हवं. त्या खटक्यांचं नक्की

धागापाल | दुपारी १:४१

पंचक्रोशी यांचा प्रतिसाद अर्धा ठेवून बाकीचा काढला आहे. १२ जून २०२५ च्या अपघातावर स्वतंत्र धागा आहे, तिथे लिहावं. त्यातल्या दिवंगतांचे नातेवाईक इथलेही सदस्य आहेत. पायलटांवर शेरेबाजी दोन्हीकडे चालणार नाही.

गोदातीर | दुपारी ३:०५

सगळे कॅनडा-अमेरिकेत हिंडताय, आपल्याकडचं कुणी लिहीना. १५ नोव्हेंबर १९९३, इंडियन एअरलाइन्सचं ए-३००, मद्रासहून हैदराबाद. हैदराबादला धुरकट हवा, उतरता आलं नाही. परत वर चढताना फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांच्या मागून बाहेर काढतात त्या झडपा, आत जाईनात. ते सोडवायच्या खटपटीत घिरट्या झाल्या, मग तसेच मद्रासला परत निघाले. आता फ्लॅप बाहेर ठेवून उडणं म्हणजे उघडी छत्री घेऊन वाऱ्यात पळणं. वेग कमी, जाळणं जास्त. तिरुपतीजवळ इंधन संपलं आणि विमान भाताच्या शेतात उतरवलं. २६२ माणसं, सगळी वाचली.

घड्याळजी, इथे आकडा बरोबर होता, टाकी चांगली होती, गळती शून्य. तरी कमी पडलं. नेहमीचं जाळण्याचं गणित त्या दिवशी लागूच नव्हतं.

रांगडा_गडी | दुपारी ३:११

तिरुपतीला उतरलं म्हणजे बालाजीनंच ओढून घेतलं म्हणायचं. लाडू तरी मिळाले असतील. इंदूरला पोहे पण नाहीत.

हाउन्स्लोकर | दुपारी ४:२०

सगळेच किती उरलं यावर बोलताय म्हणून एक वेगळा नमुना. आमच्या घरापासून हीथ्रोची धावपट्टी फार लांब नाही. १७ जानेवारी २००८ ला दुपारी ब्रिटिश एअरवेज ३८, बीजिंगहून आलेलं ७७७, धावपट्टीच्या अलीकडच्या गवतात आपटलं. टाकीत इंधन होतं, पण इंजिनांपर्यंत पोचेना. वाटेतल्या कडाक्याच्या थंडीत इंधनातल्या पाण्याचा बर्फ नळ्यांत साठला होता. उतरताना जोर मागितला तेव्हा तो सुटला आणि इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या, इंधन गरम करणाऱ्या उष्णताविनिमयकाच्या बारीक नळ्यांवर जाऊन बसला. दोन्ही इंजिनं मंदावली तेव्हा उंची हजार फुटांच्याही खाली. कॅप्टन बर्किल यांनी फ्लॅप ३० वरून २५ वर आणले, तेवढ्याने विमान थोडं पुढे सरकलं आणि बाहेरच्या अँटेना वगैरे ओलांडून आत पडलं. १५२ जण, सगळे वाचले.

इथे चेकलिस्ट उघडायला वेळच नव्हता. त्यामुळे "नियमाप्रमाणे वागा" हे सगळीकडे पुरत नाही एवढंच नमूद करतो.

बाउझर_नाना | संध्याकाळी ५:००

हाउन्स्लोकर, बरोबर. आणि कधी दोष थेट आमच्याच दारात येतो. १३ एप्रिल २०१०, कॅथे पॅसिफिक ७८०, सुराबायाहून हाँगकाँग. विमानतळाच्या जमिनीखालच्या इंधनवाहिनीत खारं पाणी शिरलं होतं. भरणाऱ्या गाडीच्या फिल्टरमध्ये पाणी शोषून फुगणारा पदार्थ असतो, पाणी आलं तर प्रवाह अडावा म्हणून. खाऱ्या पाण्याने तो बिघडला आणि त्याचे बारीक बारीक गोळे विमानाच्या टाकीत गेले. उतरायच्या वेळी एक इंजिन जवळपास ७० टक्क्यांवर अडकलं, कमीच होईना. दुसरं १७ च्या वर येईना. २३० नॉटने उतरवलं. पाणी अडवायला लावलेली गोष्टच घशात अडकली. ती बातमी वाचून मी त्या रात्री जेवलो नव्हतो. असल्या किती गाड्यांना मी हात लावलाय.

घड्याळजी | संध्याकाळी ६:३५

बरं बाबांनो, पांढरं निशाण. साखरपुड्याचा राग दुसऱ्याच कुणावर काढत होतो बहुतेक. पण एक तक्रार कायम आहे. प्रवाशांना नीट सांगत का नाहीत? "तफावत" म्हणजे काय हे दोन वाक्यांत सांगितलं असतं तर काका ओरडले नसते.

उजव्या_सीटवरून | रात्री ९:१०

आत्ता उतरले. घड्याळजी, तक्रार रास्त आहे. पण "६०० किलो इंधन सापडत नाहीये" हे कसं सांगायचं तुम्हीच सांगा.

रांगडा_गडी यांचा कॉक राहिला होता. निघताना घेतो ते इंधन असं: जमिनीवर रांगण्यासाठी थोडं, प्रवासाचं, त्यावर वाटेतल्या कमी-जास्तीसाठी काही टक्के, ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळ गाठण्याचं, आणि शेवटी अर्ध्या तासाचं राखीव. हे शेवटचं आमचं रिझर्व्ह. फरक इतकाच की स्कूटरवर रिझर्व्ह लागलं की माणूस म्हणतो, अजून तीस किलोमीटर जाईल. आमच्याकडे त्याला हात लागणार असं दिसलं की टॉवरवरून काकांचा चहा थंड करायचा.

आता खिडकीपाशी ताईंचा मूळ प्रश्न. आकाशात ओळखता येतं का? कधी कधी. तफावत एका क्षणात उडी मारून आली आणि तिथेच थांबली, तर बहुधा मोजमाप. हळूहळू वाढतच गेली, तर घाबरायचं. पण 'बहुधा' वर १८० माणसं घेऊन पुढे जायला मी तयार नाही. आणि खरं सांगते, अशा वेळी सगळ्यात गोड वाटणारा विचार असतो "सेन्सरच गेला असेल". गोड वाटतो म्हणूनच कॅप्टन मला तो मोठ्याने बोलू देतात आणि मग म्हणतात, बरं, आता बेरीज कर.

सुमन_कर्जत | रात्री ९:२५

मला एक विचारायचंय, हसू नका. पावसाळ्यात मुंबईला उतरताना पंखावरून पांढरा धूर येताना मी दोनदा पाहिलाय. एकदा एअर होस्टेसला सांगावंसं वाटलं, पण लाजले.

उजव्या_सीटवरून | रात्री ९:३३

पंखाच्या वरच्या अंगावर येणारं-जाणारं धुकं असेल तर ती दमट हवेतली वाफ, काळजी नाही. एकाच जागेहून, इंजिनामागून किंवा पंखाच्या कडेवरून, सलग धार सुटलेली दिसली तर लगेच सांगा. आमच्या सीटवरून पंखाचा तो भाग दिसत नाही. वाफ निघाली तरी कुणी हसणार नाही. फार तर आम्ही "थँक यू" म्हणू आणि तुमच्या खिडकीशी येऊन बघून जाऊ.

सुमन_कर्जत | रात्री ९:३६

आता सांगणार.

खिडकीपाशी | रात्री १०:०५

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. एक राहून गेलं होतं, आत्ता आठवलं. अनाउन्समेंटच्या आधी एक एअर होस्टेस आमच्या रांगेत आली होती. "एक मिनिट हं मॅडम" म्हणत माझ्यावरून वाकली, हाताचा आडोसा करून काचेला डोळा लावला आणि बराच वेळ पंखाकडे बघत राहिली. मला वाटलं, चंद्र बघतेय. म्हणून मीही वाकून बघितलं होतं.

वऱ्हाडी_ठेचा | रात्री १०:०९

चंद्र!! अहो ताई!!

चहाबाज | रात्री १०:१२

ते सगळं ठीक. पावणेतीन तास इंदूरला होतात. पोह्यांचं अजून सांगितलं नाहीत.

खिडकीपाशी | रात्री १०:२०

कपातला उपमा दिला, गरम पाणी घालून पाच मिनिटं ठेवायचा तो. आमच्या रांगेपर्यंत गाडी आली तेव्हा गरम पाणी संपलं होतं.